दोरीवरच्या गुलाबी चिठ्ठ्या

(दृश्य: ताणलेली दोरी. लाकडी चिमट्यांना अडकवलेले गुलाबी कागद.)

१९७८ साल. मेक्सिको सिटीच्या आधुनिक कला संग्रहालयात नव्या प्रवाहांचं प्रदर्शन भरलं आहे. त्यात विशीतल्या मोनिका मायेरने मांडलेली वस्तू जवळपास प्रत्येक घरात सापडेल अशी. कलाकृतीचं नाव ‘एल तेंदेदेरो’, म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी.

धुणं बाईने धुवायचं आणि वाळतही तिनेच घालायचं, शक्यतो परसात किंवा गच्चीवर, पाहुण्यांच्या नजरेआड. मायेरने ती दोरी थेट संग्रहालयात आणून बांधली. कपड्यांच्या जागी चिठ्ठ्या लावल्या.

या चिठ्ठ्यांसाठी ती शहरातल्या ८०० बायकांपर्यंत पोहोचली होती. वय, परिस्थिती, कामधंदा, सगळंच वेगवेगळं. प्रत्येकीच्या हातात एक छोटा गुलाबी कागद आणि त्यावर अर्धंच वाक्य : ‘बाई म्हणून या शहरात मला सगळ्यात नकोशी वाटणारी गोष्ट म्हणजे…’ पुढची जागा कोरी.

(दृश्य: पेन धरलेला हात. कागदावर घुटमळतो.)

हे वाक्य किती विचारपूर्वक घडवलंय! छेडछाडीचा त्यात उल्लेखही नाही. विचारलंय ते शहराबद्दल. धुराबद्दल लिहा, रहदारीबद्दल लिहा, कुणाची ना नव्हती, आणि काहींनी तसं लिहिलंही. पण चिठ्ठ्या शेजारीशेजारी लटकल्या, तेव्हा पुन्हा पुन्हा एकच गोष्ट वाचायला मिळू लागली : रस्त्यावरचे शेरे, बसमधला त्रास. प्रत्येकीने एकटीने सोसलेलं आणि मनात दाबून ठेवलेलं. ते सगळ्याच जणी सोसताहेत, हे त्या दोरीने दाखवलं. मला तरी या मांडणशिल्पाचं खरं बळ इथेच दिसतं.

मग आणखी एक घडलं. प्रदर्शन पाहायला आलेल्या बायका कुणी न सांगता स्वतःचं म्हणणं तिथे लिहू लागल्या.

पुढे १९८३ मध्ये मायेरने मारिस बुस्तामांते हिच्यासोबत स्त्रीवादी कलागट काढला. नाव ‘काळ्या कोंबडीची भुकटी’. मेक्सिकोत दृष्ट लागू नये म्हणून वापरतात ती ही भुकटी. बाई कलाकार म्हणून उभं राहायचं तर असा उतारा हाताशी हवाच, असं त्यांना वाटलं असेल, तर त्यात नवल नाही.

(दृश्य: संग्रहालयाचं दालन. पुन्हा दोरी, पुन्हा गुलाबी कागद.)

२०१६. मेक्सिको सिटीतल्या विद्यापीठाच्या समकालीन कला संग्रहालयात मायेरच्या कामाचं सिंहावलोकन करणारं प्रदर्शन भरलं, दोरी परत आली. या वेळी शहराची आडवाट नव्हती. प्रश्न सरळ होता : तुमचा छळ पहिल्यांदा कधी झाला? त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतल्या असंख्य बायका समाजमाध्यमांवर ‘माझा पहिला छळ’ या शब्दांखाली आपापली हकीकत लिहीत होत्या. तो छळ झाला तेव्हा अनेकींचं वय शाळकरी होतं.

नंतर दोरी संग्रहालयातून बाहेर पडली. मेक्सिकोतल्या शाळा-विद्यापीठांच्या आवारात विद्यार्थिनी स्वतःच ती बांधू लागल्या. तिथे प्रश्न छापलेला असेलच असं नाही आणि कागद गुलाबीच हवा असंही नाही. मायेरच्या पहिल्या चिठ्ठीवर अर्धं वाक्य होतं. या चिठ्ठ्यांवर कधीकधी त्रास देणाऱ्याचं पूर्ण नाव असतं.

(दृश्य: एक मुलगी चिठ्ठी लावते, चिमटा दाबून बसवते आणि दोरीवरच्या बाकीच्या चिठ्ठ्या वाचू लागते.)