घरानं सांभाळलेली आठवण

नाशिकच्या पंचवटीतला हा वाडा. लाकडी जिन्याच्या पायऱ्या बघा, मधोमध झिजल्यात. डाव्या हाताला कोनाडा, त्यात काडेपेटी. रात्री दिवे गेले तरी आजींचा हात बरोबर तिथंच जायचा. ५५ वर्षांची सवय. काळारामाची काकड आरती कानावर पडली की चहाचं आधण. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बाजार भरला की बुधवार. विसरणं कदाचित इथंच सुरू झालं असेल, पण घरानं ते झाकून ठेवलं.

आता ही वृद्धाश्रमातली खोली. स्वच्छ, हवेशीर. माणसंही मायेची आहेत. पण या पडवीत सगळी दारं एकसारखी, एका रंगाची. संडास कुठल्या हाताला, हे आजींना नव्यानं शिकायचंय. अंगवळणी पडलेलं खूप काळ टिकतं. स्मृतिभ्रंशात आधी अवघड होतं ते नवं लक्षात ठेवणं.

तिसऱ्या आठवड्यात आजींनी लेकीलाच 'आई' म्हणून हाक मारली. सगळे म्हणाले, वय झालं.

इथं थांबा. ही औषधांची पिशवी बघा. झोपेची गोळी इथं आल्यावर सुरू झालेली. सर्दीची गोळी कुणीतरी आपुलकीनं दिलेली. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनीही म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो. ही डबी कानाच्या मशीनची, सेल संपलेला. ऐकूच आलं नाही, तर लक्षात काय राहणार? आणि हा तांब्या भरलेलाच आहे. रात्री उठायला नको म्हणून आजी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. पाणी कमी पडलं, पोट साफ झालं नाही, लघवीला संसर्ग झाला, तरी या वयात माणूस बरळायला लागतो. ताप येईलच असं नाही. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने सरकत येतो. दोन-चार दिवसांत आलेला गोंधळ वेगळा, त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. तो दिसला की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. बी-१२, थायरॉइड, सोडियम बघायचं. मधे कुठं पडल्या होत्या का, हेही विचारायचं. डोक्यात साकळलेलं रक्त कधीकधी काही आठवड्यांनी त्रास देतं. मन खचलं असेल, तरी विसरायला होतं.

आजींना संसर्ग निघाला. औषध दिलं, झोपेची गोळी डॉक्टरांनी हळूहळू उतरवली. लेक ओळखू आली. सगळं परत आलं नाही.

आज बुधवार. लेक त्यांना गंगेवर घेऊन आलीय. आजींनी मेथीची जुडी उचललीय, नाकाशी धरलीय. भाव विचारतायत.