काटा खाली आला म्हणजे रायफल गळतेच असं नाही

नमस्कार मंडळी, मागे आवाज येतोय ना? पंखा थोडा कमी करा कुणीतरी, हा घरघरतोय. विषय ठेवलाय एअर रायफलचं ट्यूनिंग, म्हणजे सिलेंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर पेलेट, शिशाची छोटी गोळी, मारणाऱ्या रायफलचं, आणि ते मी सांगणार आहे, पण त्याआधी मला एका गोष्टीवर बोलायचंय. ती डोक्यात बसल्याशिवाय ट्यूनिंगला हात लावण्यात काही अर्थ नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की रायफल उघडण्याआधी गेजवर, म्हणजे हवेचा दाब दाखवणाऱ्या डायलवर, शंका घ्या, मग हवेच्या तापमानावर घ्या, आणि ते दोन्ही सुटले की मग रायफलवर घ्या. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, काटा खाली दिसला की पाना आधी हातात येतो.

इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी सातपूर नाहीतर अंबडला, नाशिकच्या कारखान्यांत, आयुष्य काढलंय, त्यामुळे प्रेशर गेज काय असतं हे मी सांगायची गरज नाही. द्राक्षवाले असतील त्यांना फवारणीच्या पंपावरचं गेज रोजचंच आहे. पण त्या डायलच्या आत काय चालतं ते बघितलेले किती जण आहेत? हात वर करा. बघा, फार थोडे. आत पितळेची किंवा स्टीलची एक चपटी नळी असते, इंग्रजी सी सारखी वाकवलेली, आणि दाब आला की ती सरळ व्हायला बघते, जत्रेत ती कागदाची गुंडाळलेली पिपाणी फुंकली की उलगडते ना, अगदी तसं. फक्त इथे ती केसभरच हलते, आणि ती हालचाल एक छोटा दांडा आणि दातेरी चक्र मोठी करून काट्यापर्यंत नेतं. युजीन बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाने 1849 मध्ये याचं पेटंट घेतलं आणि आजही आपल्या रायफलच्या टोकाला तीच युक्ती बसलेली आहे. मला या वस्तूबद्दल खरंच आदर आहे. बॅटरी नाही, वायर नाही, पावणेदोनशे वर्षं झाली तरी चालूच आहे.

पण तिची मर्यादा डायलवरच लिहिलेली असते आणि ती कुणी वाचत नाही. चांगल्या गेजवर खाली बारीक अक्षरात सीएल 1.6 किंवा सीएल 2.5 असं असतं. 2.5 म्हणजे अडीच टक्के, आणि ते काटा जिथे आहे त्याचे नाही, पूर्ण स्केलचे. तुमच्या पंपाचं गेज 400 बारपर्यंतचं, बार हे दाबाचं माप, असेल तर त्याचे अडीच टक्के म्हणजे 10 बार, वर 10 आणि खाली 10. मग पंप 200 म्हणतोय आणि रायफल 190 म्हणतेय यात भांडण कसलं? दोघंही आपापल्या हद्दीत आहेत. आणि रायफलवरचं ते नाण्याएवढं गेज, त्याच्यावर बहुतेक वेळा क्लास लिहिलेलाच नसतो, म्हणजे हवा आहे, बरीच आहे, भरायला झाली, एवढंच त्याला विचारायचं. खरा आकडा हवा असेल तर एक मोठ्या डायलचं गेज घ्या, ते कॅलिब्रेट करून घ्या, एमआयडीसीत करून देणारे आहेत, आणि घरातली बाकी सगळी गेजं त्याच्याशी ताडून फरक टेप लावून त्या त्या गेजवरच लिहून ठेवा. अजून एक, कारखान्यात आपण म्हणतो इतके केजी प्रेशर, म्हणजे चौरस सेंटीमीटरला तितके किलो, ते केजी आणि हे बार जवळजवळ सारखे आहेत पण एक नाहीत, 200 केजी म्हणजे साधारण 196 बार. हे चार बार सुद्धा लोक लीकेज म्हणून शोधत बसतात.

आता ती निफाडची गोष्ट, जी सांगायला मी आज आलोय. काहींनी ऐकली असेल, परत ऐका.

एक मुलगी, दहा मीटरला चांगली मारणारी, वडील द्राक्ष बागायतदार. जानेवारी महिना. दुपारी रेंजवर सिलेंडर 200 बारला भरायचा, रायफल घरी न्यायची, पहाटे उठून ड्राय प्रॅक्टिस करायला काढली की काटा 185 वर. रोज. आता 15 बार एका रात्रीत गेले म्हटल्यावर कुणाच्याही पोटात गोळा येईल, त्यात जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर. वडिलांनी रायफल एका दुरुस्तीवाल्याकडे दिली. त्याने काय केलं, काही न तपासता सगळ्या ओ-रिंगा, हवा अडवणाऱ्या रबरी रिंगा, बदलल्या. सगळ्या! जुन्या काढताना खोबणीत स्क्रू ड्रायव्हर घातला, कंपनीच्या मापाच्या 1.78 जाडीच्या रिंगा होत्या तिथे बाजारात मिळाल्या म्हणून 2 मिलिमीटरच्या कोंबल्या, आणि वर पैसे घेऊन सांगितलं की आता बिनधास्त वापरा. झालं काय, त्या स्क्रू ड्रायव्हरने खोबणीला ओरखडा पडला आणि आता रायफल खरंच गळायला लागली! आधी सकाळी 185 दिसायचे, आता दुपारपर्यंत 120. मला याचा अजूनही राग आहे, कारण ज्या हत्याराला काही झालेलं नव्हतं ते आजारी पाडलं, आणि त्या पोरीची स्पर्धा दुसऱ्याच्या रायफलवर गेली.

ती रायफल माझ्याकडे आली तेव्हा मी वडिलांना एकच विचारलं, दुरुस्तीच्या आधी, दुपारी काटा कुठे असायचा? म्हणाले, दुपारी कुणी बघितलं? सकाळी बघायचो, घाबरायचो आणि परत भरायचो. मग मी विचारलं बागेत थर्मामीटर आहे का. द्राक्षवाल्याला हे विचारायचं म्हणजे काय, थंडीत पारा उतरला की रात्री बागेत शेकोट्या करणारी माणसं ही, किमान कमाल सगळं वहीत लिहिलेलं. दुपारी 30, पहाटे 8. बस, इथेच उत्तर होतं. बंद भांड्यातल्या हवेचा दाब तापमानाबरोबर चढतो-उतरतो, फक्त तापमान शून्याखाली 273 अंशांपासून मोजायचं. म्हणजे दुपारचे 303, पहाटेचे 281. 200 बारला 281 ने गुणा आणि 303 ने भागा. किती आले? करा की मोबाईलवर. 185! आणि सूक्ष्म हिशोब करायचा तर त्यात वातावरणाचा एक बार धरावा लागतो, पण काट्यावर तो दिसायचाच नाही. एक बुडबुडासुद्धा बाहेर गेला नव्हता हो. दुपारी ऊन चढलं असतं की काटा आपोआप 200 च्या आसपास परत आला असता. गळालेली हवा परत येत नाही. सकाळी उतरलेला काटा दुपारी चढत असेल तर रायफलला हात लावू नका.

वडिलांना हे एका मिनिटात पटलं. ते म्हणाले म्हणजे बागेच्या वहीतच रायफलचा कॉलम टाकायला पाहिजे, आणि त्यांनी खरंच टाकला, तारीख, वेळ, तापमान, बार. मी तर म्हणतो आज घरी जाताना तुम्ही फक्त एवढं घेऊन गेलात तरी माझं काम झालं. नाशिकची हवा अशी आहे की मे महिन्यात 40 अंशाला 200 बार भरलेला सिलेंडर 10 अंशाच्या पहाटे बघितला तर 181 च्या आसपास दाखवेल. ज्यांची रायफल फक्त हिवाळ्यातच गळते त्यांनी जरा विचार करावा.

याचाच भाऊ म्हणजे भरतानाची गरमी. हवा दाबली की तापते, पटापट भरलं की सिलेंडर हाताला कोमट लागतो, काटा 200, आणि अर्ध्या तासाने 190. तीही गळती नाही, हवा निवली. सावकाश भरा, निवू द्या, मग थोडी टॉप-अप करा. सावकाश भरल्याने गेजची ती नळीपण जास्त टिकते, दणका बसत नाही.

जाता जाता एक सांगतो, हवेवर चालणारी बंदूक गळायची तक्रार आजची नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्यात 1780 च्या सुमारास जिरार्दोनीची एअर रायफल होती, वीस गोळ्यांचं मॅगझिन, बंदुकीचा दस्ताच हवेची टाकी, आणि ती टाकी हातपंपाने भरायला दीड हजाराच्या घरात हात मारावे लागायचे. चामड्याचे वॉशर होते, ते ओले ठेवावे लागायचे नाहीतर हवा धरायचे नाहीत. आपण साठ-सत्तर हात मारले की दम लागतो म्हणून कुरकुर करतो.

चिठ्ठी आली वाटतं. दहा मिनिटं? बरं. मग आता खरी गळती असेल तर काय करायचं ते भराभर सांगतो, लिहून घ्या.

आधी भाग वेगळे करा, उघडू नका, वेगळे करा. मॅच रायफलचा, म्हणजे स्पर्धेच्या रायफलचा, सिलेंडर निघतो, तो काढून एक रात्र ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, तेवढ्याच तापमानाला बघा. सिलेंडरने हवा धरली तर दोष रायफलमध्ये, नाही धरली तर सिलेंडरचा व्हॉल्व्ह किंवा गेजचं सील. तोंड पाण्याच्या ग्लासात धरलं की बुडबुडे कुठून येतात ते कळतं, नंतर नीट पुसून वाळवायचं. ज्यांचा सिलेंडर निघत नाही त्यांनी भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने जोडाजोडाला लावायचं, फिल पोर्ट म्हणजे हवा भरायचं तोंड, गेजचे आटे, सिलेंडरची दोन्ही टोकं, आणि पाच मिनिटं थांबायचं, हळू गळतीचा फेस लगेच येत नाही. पाणी ट्रिगरमध्ये जाऊ देऊ नका. मेन व्हॉल्व्ह गळत असेल तर हवा बॅरलमधून जाते, त्यासाठी पेलेट नाही याची दोनदा खात्री करून, रायफल कॉक न करता बॅरलच्या तोंडावर फुगा बांधून ठेवा, सकाळी फुगलेला दिसला की व्हॉल्व्ह. रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक शॉटला सारख्याच दाबाची हवा देणारा भाग, त्याच्या बॉडीला एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं आहे, तिथून हवा आली तर रेग्युलेटरची आतली रिंग गेली, पण ते भोक एम-सील लावून बुजवायचं नाही, मी बुजवलेलं बघितलंय म्हणून सांगतो.

पावसाळ्यात हातपंपाने भरणाऱ्यांनी सिलिका जेलचा फिल्टर लावलाच पाहिजे. ओलावा आत गेला की गंज धरतो, आणि गंजाचा एक कण व्हॉल्व्हच्या सीटवर बसला की वर्षभर हळू गळती. रिंगांना सिलिकॉन ग्रीस, तेही पुसट. मशीन ऑइल, कोकोनट ऑइल काही नाही, दाबाखालच्या हवेत तेल पेट घेतं. आणि वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन रायफलमध्ये भरायचा विचारही करू नका, त्यात माणूस जाऊ शकतो. सिलेंडरवरची तारीख बघा, बऱ्याच मॅच रायफल कंपन्या दहा वर्षं सांगतात आणि आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमात ती बघायची जबाबदारी नेमबाजावरच टाकलेली आहे.

आता ट्यूनिंग, जे तुम्ही ऐकायला आलात. काटा स्थिर आहे, बुडबुडे नाहीत, तरी पेलेट खाली जाते, असं झालं की समजायचं दोष साठ्यात नाही, वेगात आहे. हे का महत्त्वाचं ते एका हिशोबात बघा. मॅच पेलेट साधारण 170 मीटर प्रतिसेकंदाने जाते. ती 165 ने गेली तर दहा मीटरवर जवळजवळ एक मिलिमीटर खाली लागते, आणि दशांश गुणांत एक मिलिमीटर म्हणजे 0.4. बीजिंगला 2008 मध्ये शेवटच्या शॉटआधी अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हॅकिनेन बरोबरीत होते, बिंद्राने 10.8 मारला आणि सोनं आणलं. त्या ठिकाणी वेग सेकंदाला पाच मीटरने कमी-जास्त होणं कुणाला परवडेल?

म्हणून क्रोनोग्राफ, पेलेटचा वेग मोजणारं यंत्र. दहा शॉटची माळ घ्या. वेग प्रत्येक वेळी वेडावाकडा असेल तर ब्रीचची, म्हणजे पेलेट घालायच्या जागेची, ओ-रिंग बघा, ती ठेवलेल्या रायफलची हवा घालवत नाही, फक्त शॉटच्या वेळी फुंकते, टिश्यूची पट्टी ब्रीचवर ठेवून टार्गेटवर शॉट मारला की पट्टी हलते. बाकी नऊ ठीक आणि थोडा वेळ ठेवल्यावरचा पहिलाच शॉट वेगळा असेल तर रेग्युलेटर सरकतोय, म्हणजे ठेवल्या ठेवल्या पुढचा दाब वाढू देतोय, त्याची सीट साफ करावी लागेल. वेग सगळीकडे सारखाच कमी असेल तरच हॅमर स्प्रिंग, व्हॉल्व्हवर ठोका मारणाऱ्या हातोडीची स्प्रिंग. ती थोडी थोडी आवळत जा, वेग वाढत जाईल आणि एका ठिकाणी वाढायचा थांबेल, तिथून जरा मागे या, तीन-चार टक्के वेग उतरू द्या, तिथे रायफल सगळ्यात शांत आणि सारखी चालते. रेग्युलेटर नसलेल्या रायफलीत 200 पर्यंत भरायचा हट्ट सोडा, फार दाबाला व्हॉल्व्ह नीट उघडत नाही आणि सुरुवातीचे शॉट खाली जातात, कुठल्या बारपासून कुठल्या बारपर्यंत वेग सारखा आहे ते कागदावर काढा आणि तेवढ्यातच वापरा. आणि वेगाची हाव नको, 0.53 ग्रॅमची पेलेट 275 मीटर प्रतिसेकंदाने गेली की 20 ज्युल होतात, त्यापुढे आपल्या कायद्याने लायसन्स लागतं. मॅच रायफल तर साडेसात ज्युलवर चालते.

आयोजक उभे राहिलेत, त्यामुळे शेवटचं. गेज बदलायचं असेल तर सिलेंडर पूर्ण रिकामा करा, आणि काटा शून्यावर आला म्हणजे रिकामा झाला असं धरू नका, काटा अडकलेला असू शकतो, खालच्या पिनला टेकलेला असू शकतो. ब्लीड स्क्रू सावकाश उघडा, आवाज थांबेपर्यंत उघडा ठेवा, हवा एकदम सोडली तर ओ-रिंगा फुगून फोड येतात. मगच पाना लावा. ज्यांनी रायफली आणल्यात त्यांनी बाहेरच्या टेबलापाशी या, बोल्ट उघडे ठेवून, साबणाचं पाणी मी आणलंय.