पायाखालचं सागवान

(दृश्य : बेळगाव, उद्यमबागेजवळची एक सुतारशाळा. भिंतीला टेकवून ठेवलेल्या बाकदार फळ्या.)

या फळ्या कुठल्या घरातल्या वाटत नाहीत. एक कड सरळ, दुसरी बाकदार आणि तिरकी कापलेली. एकीला चौकोनी खाच, दुसरीच्या मधोमध उचलायची पितळी कडी. दारं, देव्हारे आणि पाळणे घडवणाऱ्या या शाळेत त्या चोर्ला घाट चढून आल्या. गोव्यातल्या एका शिडाच्या बोटीच्या केबिनची ही जमीन. पावसाळाभर ती बोट काठावर, ताडपत्रीखाली असते. म्हणून घाट धुक्यात बुडायच्या आधीच, मे महिन्यात मालकांनी फळ्या काढून वर पाठवल्या.

बेळगावला समुद्र नाही, पण समुद्राशी नातं आहे. खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात उगवणारी म्हादई पुढं गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय, आणि त्यांच्या नौकेचं नाव होतं ‘म्हादई’. सागवान तर इथलंच : खानापूर, लोंढा, पलीकडं हल्याळ, दांडेली. मेस्त्रींचा हात याच लाकडावर बसलेला.

(दृश्य : मेस्त्री फळी उलटी करतात. खालची बाजू काळपट, कडेला प्लायचे पदर सुटलेले.)

मेस्त्रींनी पहिली फळी हातात घेतली ती उलटी. भाचा वरच्या बाजूचं उडालेलं पॉलिश दाखवत होता.

“वरचं मग बघू रे. पाणी खालनं आलंय बघ.”

केबिनच्या जमिनीखाली बोटीचं पोट असतं. गळतीचं, अंगावरनं निथळलेलं, फ्रीजमधून ठिबकलेलं सगळं पाणी शेवटी तिथंच साठतं. त्याची वाफ अहोरात्र फळीच्या खालच्या अंगाला लागते आणि कापलेल्या कडा ती पीत राहतात. वरचं पॉलिश पावलांनी झिजतं. फळी कुजते ती मात्र कडेनं. आमच्या मते या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि बोट विकत घेणारा माणूस ही बाजू क्वचितच उलटून बघतो.

दुसरी अडचण जाडीची. दिसायला ही सागवानाची जमीन : तपकिरी पट्टे, मध्ये फिकट लाकडाच्या बारीक रेघा. खरं तर आत मरीन प्लाय (ओलीत टिकणारा प्लायवुड) आहे आणि वर सागवानाचा पातळ थर, जेमतेम मिलिमीटरभर, पुष्कळदा त्याहूनही कमी. घरचं सागवानी दार कितीदाही रंधून घ्या, आत लाकूडच लाकूड. इथं रंधा चालवला की संपलं, खालचा प्लाय उघडा पडतो आणि तो पुन्हा झाकता येत नाही. फिरत्या पट्ट्याचं घासायचं मशीन मेस्त्रींनी म्हणूनच कोपऱ्यात सरकवून ठेवलं.

(दृश्य : हीट गन, पात्याची खरवड. पॉलिशची साल निघते.)

जुनं पॉलिश उष्णतेनं मऊ करून खरवडतात. हीट गन एका जागी थांबवायची नाही. सागवानाचा थर डिंकानं चिकटवलेला आहे, तो तापला की फुगा धरतो. जिथं पॉलिश घट्ट बसलंय तिथं मेस्त्री हट्ट करत नाहीत. रिमूव्हर लावतात, थांबतात, पुन्हा खरवडतात. त्यानंतर लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून हातानं घासणं : १२० नंबरचा, मग १८०, शेवटी २२०, दर वेळी आणखी बारीक. कायम रेषेच्या दिशेनं. आडवा ओरखडा कोरड्या लाकडावर दिसत नाही, पण पॉलिशचा पहिला हात बसला की उठून दिसतो. फिकट रेघांवर तर लगेच.

स्क्रूंच्या भोवती काळे डाग होते. सागवानातलं टॅनिन, स्क्रूचं लोखंड आणि पाणी एकत्र आलं की हा काळा रंग तयार होतो, आणि तो आत मुरलेला असतो. घासून काढायला गेलं तर डागाआधी सागवानच संपेल. त्यावर उपाय ऑक्झॅलिक ॲसिड. गरम पाण्यात विरघळवून ब्रशनं संपूर्ण फळीवर लावायचं. नुसत्या डागावर लावलं तर तेवढाच भाग उजळतो आणि फळी ठिपक्याठिपक्यांची दिसते. ते विषारी आहे. हातमोजे, चष्मा लागतोच, आणि नंतर भरपूर पाण्यानं धुवावं लागतं, कारण सुकलेल्या ॲसिडची भुकटी घासताना नाकात गेली तर घसा आणि फुप्फुसं सोलवटतात. भाच्यानं मास्क हनुवटीवर ओढला होता.

“वर कर तो. आधी तोंड झाक, मग फळी धर.”

लोखंडी स्क्रू पुन्हा लावायचे नाहीत हेही इथंच ठरलं. प्लायवाल्याशी कानडीत, गोव्याला फोनवर कोकणीमिश्रित हिंदीत आणि भाच्याशी मराठीत बोलून मेस्त्रींनी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मागवून घेतले. खाऱ्या हवेत तेच टिकतात.

(दृश्य : पाऊस. पत्र्यावरचा आवाज. फळ्या लाकडी पट्ट्यांवर, मधून हवा खेळेल अशा रचलेल्या.)

मग पाऊस लागला आणि काम थांबवलं. बेळगाव जिल्ह्याची गंमत अशी की पश्चिमेला कणकुंबीकडं ढग महिनोन्‌महिने हटत नाहीत, आणि पूर्वेला अथणीकडं पावसाची वाट बघतात. शहर या दोन्हींच्या मध्ये, पण जुलैत इथंही कपडे वाळत नाहीत. अशा हवेत पॉलिश मारलं तर ते धुरकट, पांढरट होतं. मालकांना घाई होती. मेस्त्री मात्र देव्हारे आणि चौरंगांच्या कामाला लागले. गणपती झाले, हवा कोरडी पडली, तेव्हाच डबे उघडले.

(दृश्य : बारीक ब्रश. कडेवर इपॉक्सी.)

सुरुवात कडांपासून. पदर सुटलेल्या ठिकाणी डिंक भरून शिकंजे आवळले होते. आता प्रत्येक कडेला, प्रत्येक स्क्रूच्या भोकाला पातळ इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळून कडक होणारी राळ. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, दुसराही बराचसा. पिणं थांबेपर्यंत देत राहायचं. त्यानंतर खालची बाजू. वर जितके हात पॉलिशचे, तितकेच खाली. एकच बाजू बंद केली तर दुसरी ओल घेते आणि फळी वाटीसारखी वळते.

वरच्या बाजूला काय लावायचं यावर फोनवर बरीच चर्चा झाली. डेकवरच्या (बोटीच्या वरच्या, उघड्या भागातल्या) लाकडाचं व्हार्निश उन्हासाठी केलेलं असतं, थोडं मऊ, लवचिक. केबिनमध्ये ऊन नाही, पावलं आहेत. तिथं कडक पॉलीयुरेथेन बरं. सागवान तेलकट, म्हणून हात मारायच्या अगदी आधी थिनरच्या फडक्यानं पुसायचं. पहिला हात निम्मा पातळ करून, पुढचे दाट, मधे प्रत्येक वेळी हलकं घासून, धूळ पुसून.

मालकांना आरशासारखी चकाकी हवी होती. मेस्त्रींनी दोन तुकडे तयार केले, एक चकाकणारा, एक सॅटिन, म्हणजे मंद चमकेचा. विटेवर तिरके टेकवले, पाणी ओतलं आणि भाच्याला अनवाणी उभं केलं. चकाकणाऱ्यावरनं त्याचा पाय सटकला. तो व्हिडिओ गोव्याला गेला. वाऱ्यात बोट एका अंगावर कलते तेव्हा केबिनची जमीन अशीच तिरकी असते, आणि ओल्या पायानं माणूस हातात उकळता चहा घेऊन तिच्यावरनं चालतो. सॅटिन ठरलं.

(दृश्य : फळ्यांच्या मधे जुनी चादर. टेम्पो.)

हाताला कोरडं लागलं तरी पॉलिश आत कडक व्हायला आठवडाभर जातो. तेवढं थांबून, मधे मऊ कापड घालून फळ्या चढवल्या. मागच्या बाजूला प्रत्येकीचा नंबर आणि पुढच्या टोकाकडं दाखवणारा बाण. मेस्त्रींनी ड्रायव्हरकडं चिठ्ठी दिली : बसवताना दोन फळ्यांत बारीक फट ठेवा, ओलीनं फुगल्या तर निघणार नाहीत. कडीवाली फळी सगळ्यात शेवटी बसवा, तिच्याखाली पाणी उपसायचा पंप आहे. आणि ती महिन्यातनं एकदा तरी उचलून खाली बघा.