मांगरातली एफसी

(दृश्य: सड्यावरची कच्ची वाट, पहाट. आधी आवाज, मग गाडी.)

गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज येतो. देवगडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, या वेळेला दुसरं काही ऐकू येत नाही. खाली लांबवर समुद्र, नाहीतर वानर हाकलायला कुणीतरी बडवलेला डबा. मग हापूसच्या कलमांमधून एक चपटं तोंड बाहेर येतं. बॉनेट नाहीच. लहान मुलाला ट्रक काढायला सांगितला तर तो जसा काढेल, तशी ही गाडी आहे. दोन गोल दिवे, मधे जाळी, वर सरळ उभी काच.

हिचं नाव एफसी-१५०. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या वर बसतो आणि इंजिन त्याच्या मांडीशेजारी, केबिनमधल्या पेटीखाली. अमेरिकेत विलीज कंपनीनं ही १९५६च्या अखेरीस आणली. आराखडा ब्रुक्स स्टीव्हन्स यांचा. जीपचाच ८१ इंचांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, पण बॉनेट काढून टाकल्यामुळे मागे सहा फुटांहून लांब हौदा बसला. तिकडे १९६५ साली गाडीचं उत्पादन बंद झालं. आपल्याकडे महिंद्रा १९४७पासून विलीजच्या जीप जोडत होती, तिनं एफसी पुढेही बनवत ठेवली.

ही गाडी १९६८ची. म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा १३ वर्षांनी मोठी. जुन्या आरसी बुकावर जिल्हा रत्नागिरीच आहे.

(दृश्य: घराचं खळं. आई ओसरीवर.)

मालकाच्या आजोबांनी ती आंब्यासाठी घेतली. आंब्याच्या पेट्या, कौलं, चिरे, एकदा गणपतीसुद्धा. मालकाची आई ओसरीवरूनच सांगते, "हिच्यातच बसान मी लग्न होवन इलंय." पुढे नवे टेम्पो आले आणि एफसी बागेतल्या मांगरात गेली. मांगर म्हणजे बागेतली खोपी. तिथे ती २५-२६ वर्षं उभी होती. हौद्यात नारळाची सोडणं आणि झावळ्या, केबिनमध्ये कोंबड्या.

१६ मे २०२१. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. आंबा गेला, कलमं उन्मळली आणि मांगराचं छप्पर उडालं. आणि खाली ही. हिच्या इंजिनाचं नाव आहे हरिकेन, म्हणजे चक्रीवादळ. असा योगायोग निवेदनात घालू नये, लोक बनाव समजतात. पण इंजिनावर तेच नाव आहे, त्याला मी काय करू?

(दृश्य: जुने फोटो. गंजलेला पत्रा, हात घातला की तुकडा हातात.)

आता गंजाबद्दल थोडं सविस्तर, कारण किनाऱ्यावर जुनी गाडी दुरुस्त करणं म्हणजे निम्मं काम तेच. लोकांना वाटतं पाऊस पत्रा खातो. पावसाचं पाणी निदान धुऊन तरी नेतं. खरा खातो तो खार. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पत्र्याच्या फटीत बसतं. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की ते मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. किनाऱ्यावर वर्षातले किती दिवस त्याच्या खाली जातात? म्हणजे वरून कोरडी दिसणारी गाडी आतून सतत ओली. दारांच्या खालच्या कडा, चासीच्या पोकळ्या, हेडलाइटमागचे कोपरे. सगळं आतून बाहेर सडत येतं. रंगाला फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा आधीच गेलेला असतो.

गॅरेजवाल्या मेस्त्रींनी पत्रा कापूनच काढला, लांबी, म्हणजे पुट्टी, भरली नाही. नवीन तुकडे वेल्ड केले, एपॉक्सी प्रायमर मारला, चासीच्या पोकळीत मेण फवारलं आणि पाणी बाहेर जायला मुळात असलेली भोकं पुन्हा मोकळी केली. मागे कुणीतरी ती बुजवली होती. "मीठ कोणाची गय करणा नाय, रंग कितीव मारा," असं म्हणत ते काम करत होते.

हौद्याचा तळ पार गेला होता. तो पत्र्याचा न करता लाकडाचा केला आणि त्यासाठी सुतार नाही, होड्या बांधणारे मेस्त्री बोलावले. त्यांनी फळ्या बसवल्या, सांधे भरले आणि वरून काजूच्या टरफलाचं तेल दिलं. वास अजून जात नाही. ते म्हणाले, "होडयेक जा लावतंव, ताच हेका लावलंय." मूळ एफसीत असा तळ नव्हता. पण मला गाडीत सगळ्यात खरी वाटते ती हीच जागा.

(दृश्य: केबिनच्या आत. इंजिनाची पेटी उघडलेली.)

आता नवं काय? पुढे डिस्क ब्रेक. ही गाडी पुढे जड आणि मागे हलकी, रिकामी असताना जोरात ब्रेक मारला की शेपूट उचलल्यासारखं वाटतं. फोंडा घाट उतरायचा तर ड्रम ब्रेकवर भरवसा ठेवण्यात शहाणपण नव्हतं. बॅटरी चार्ज करायला डायनामोच्या जागी अल्टरनेटर. वायरिंग सगळं नवं, कथिलाचा मुलामा असलेल्या तारेचं, ट्रॉलरवर वापरतात तेच. सीटबेल्ट. इंजिनाच्या पेटीला आतून उष्णतारोधक थर. पूर्वी ड्रायव्हर त्या पेटीवर ओला टॉवेल टाकायचे. दिवे एलईडी, पण पिवळट. धुक्यात आणि धो धो पावसात पांढरा झोत उलटून डोळ्यांवर येतो. ब्लूटूथचे स्पीकरही आहेत. ते नसते तरी चाललं असतं.

सगळ्यात जास्त डोकं गेलं ते पेट्रोलवर. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. १९६८च्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची वॉशरं, कशालाच त्याची सवय नाही. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. कोकणात गाडी महिनाभर उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. म्हणून टाकी स्टेनलेस स्टीलची, पाइप नव्या प्रकारच्या रबराचे, आणि पावसाळ्याआधी आगोटीच्या सामानाबरोबर टाकी रिकामी करायचं कामही यादीत.

हरिकेन मात्र तेच ठेवलं. २.२ लिटर, चार सिलिंडर, सत्तरहून थोडी जास्त अश्वशक्ती. हवा-पेट्रोल आत घेणारा इनटेक वाल्व वर हेडमध्ये, धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. लोकांनी नवं डिझेल इंजिन टाकायचा आग्रह केला. मालक नाही म्हणाला. त्यात भावना होतीच, पण कायदाही होता. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं की आरसीवरची माहिती आणि कंपनीनं मुळात दिलेली माहिती यात फरक पडेल असा बदल करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. आता काटेकोर बघितलं तर डिस्क ब्रेकवरही कुणी बोट ठेवू शकेल. यावर आमची बरीच चर्चा झाली, ती मी कापली आहे.

वादळानंतर दोनच महिन्यांनी, जुलै २०२१मध्ये, सरकारनं व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपातली. वेगळी नंबरप्लेट, मधे 'व्हीए' अक्षरं, नवीन नोंदणीला २० हजार रुपये. मालकानं विचार केला. पण तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, फार तर पेट्रोल भरायला. "मगे आंबे कोण आणतलो?" एवढंच त्याचं उत्तर. म्हणून जुनाच नंबर, मालगाडी म्हणून दरवर्षी फिटनेस, दरवर्षी रांग.

(दृश्य: एप्रिल. रिकामे क्रेट भरून गाडी सड्यावर चढते. चारही चाकांना ओढ.)

आत बसलं की पायांपुढे पत्रा आणि लगेच रस्ता. चिऱ्याची लाल धूळ काचेवर. वेग चाळिसाच्या वर जात नाही, न्यायची इच्छाही होत नाही.

(दृश्य: खळं, संध्याकाळ. डाव्या दाराची खालची कड.)

पहिला पावसाळा झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. डाव्या दाराच्या खालच्या कडेला रंगाला एक फोड आला होता. तांदळाच्या दाण्याएवढा. मालकानं त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल काढला होता आणि बाजूला तारीख घातली होती.