गाडीचं काम शिकायचंय, पण कुठं?

दहावीचा निकाल लागला की कोल्हापुरात घराघरात चर्चा सुरू, पोरगं पुढं काय करणार, आणि ज्याला गाड्यांचा नाद आहे ते सरळ सांगतंय की मला टू-व्हीलर गॅरेजची लाईन धरायची आहे. धरू दे की. फक्त शिकायचं कुठं हे नीट बघून ठरवा.

हे गावच मशीनचं आहे. उद्यमनगरात लेथ, फौंड्री, आणि गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली तयार झालेले मिस्त्री, जे नुसत्या आवाजावरनं सांगतात काय बिघडलंय. त्यांची विद्या मोठीच आहे. पण एप्रिल २०२० पासनं बीएस-६ म्हणजे धुराचा कडक नियम आला, बहुतेक नव्या गाड्यांतला कार्बोरेटर गेला आणि पेट्रोल सोडायला इंजेक्टर, सेन्सर आणि ते चालवणारा छोटा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, आले, १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना तर २०१९ पासनंच एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम, सक्तीचं, आता हे कानानं कळत नाही, मीटर लावावाच लागतोय.

कळंब्याला सरकारी आयटीआय आहे. आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेड दोन वर्षांचा, दहावी पासवर, फी कमी, अ‍ॅडमिशन ऑनलाईन, आणि नंतर अप्रेंटिसशिप मिळाली तर विद्यावेतन पण. पण त्यात चारचाकी, डिझेल सगळंच येतंय, नुसती टू-व्हीलर नाही. खाजगी क्लास काही महिन्यांत संपतो, टू-व्हीलरच शिकवतो, फी मात्र जास्त.

कुठलाही घ्या, पैसे भरायच्या आधी चालू बॅच असताना वर्कशॉपमध्ये जाऊन उभं राहा. ऑफिसात नाही, वर्कशॉपमध्ये. इंजिन कुणाच्या हातात आहे बघा, सर खोलतायत आणि वीस पोरं मोबाईलमध्ये व्हिडिओ काढतायत असं असेल तर तिथनं निघा. टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं, घ्या, इंजिन थंड पाहिजे, फट मोजायच्या फिलर गेजची पातळ पट्टी आत सरकवली की किंचित अडकत सरकली पाहिजे, टाईट राहिलं तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, जातंय, लूज राहिलं तर टकटक वाजतंय. ते किंचित म्हणजे किती, हे प्रत्येक पोराच्या बोटाला कळायला पाहिजे, फळ्यावर कसं कळणार?

आणि मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर, पोरांच्या हातात देतात का ते विचाराच. भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते, गाडी चालू करून रेस दिली की चौदाच्या आसपास जाते, नाही गेली तर वीज तयार करणारा स्टेटर किंवा ती ठराविक व्होल्टवर ठेवणारा रेग्युलेटर तपासायचा. हे ज्याला येत नाही तो सरळ नवी बॅटरी घालतोय, गिऱ्हाईक पैसे देतंय आणि आठ दिवसांनी गाडी परत बंद. याचा मला खरंच राग येतो.

प्लेसमेंटच्या गप्पा सगळेच मारतात. तुम्ही फक्त मागच्या बॅचमधल्या दोन-तीन पोरांचे पत्ते मागून घ्या, ती आज कुठल्या गॅरेजात आहेत ते शोधा, आणि आपली गाडी सर्व्हिसिंगला तिथंच टाकून काम होईस्तोवर शेजारी उभं राहा.