शनिवार-रविवारी इंजेक्शन कोण देणार?

नमस्कार. समोर बसलेले बरेच जण फार्मसी कॉलेजात शिकवतात किंवा पीएचडी करतात. मी पशुवैद्य आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या संस्थांच्या एथिक्स कमिटीवर बाहेरचा सदस्य म्हणून मी बरीच वर्षं बसतो आहे.

एका बैठकीबद्दल सांगतो, संस्थेचं नाव घेत नाही. प्रस्ताव होता 5 गटांचा, प्रत्येक गटात 6 म्हणजे 30 पांढरे उंदीर. गुडघ्यावर शस्त्रक्रिया, नंतर तीन दिवस वेदनाशामक इंजेक्शन. फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, चोख भरलेला. आम्ही विज्ञानवाले आकडेमोडीत रमलो. तेवढ्यात विज्ञानाबाहेरच्या सदस्य, एक निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या, "शस्त्रक्रिया शुक्रवारी करता ना? मग शनिवार-रविवारी इंजेक्शन कोण देतं?"

कुणी बोलेना. सुट्टीच्या दिवशी खाद्य-पाणी द्यायला एक माणूस यायचा, बस.

मी उठून ॲनिमल हाउसमध्ये गेलो. आधीच्या प्रयोगातले उंदीर पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात बसले होते, केस विस्कटलेले, डोळ्यांभोवती लालसर खपली. तिथला मुलगा म्हणाला, "सर, डोळे आलेत." डोळे आले नव्हते, आणि ते रक्तही नव्हतं. उंदराच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून लाल स्राव येतो. धडधाकट उंदीर तो पंजांनी पुसून टाकतो. दुखत असलं की अंग स्वच्छ करणं सोडतो आणि स्राव तिथेच वाळतो. मला ते ओळखता आलं, कारण ते माझं शिक्षण आहे. पण बाईंनी प्रश्न विचारला नसता तर मी खुर्चीतून उठलोच नसतो. दोघंही लागतात, हे मला त्या दिवशी कळलं.

प्राण्यांशी क्रूरतेला आळा घालणारा आपला कायदा 1960 चा. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकातून त्याची वाट निघाली. त्याच कायद्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे आणि 1998 च्या नियमांनी संस्थेतल्या कमिटीचं काम बांधून दिलं. कमिटीत पाच जण संस्थेतलेच. बाहेरून येतात ते केंद्रीय समितीचा नॉमिनी, दुसऱ्या संस्थेतला एक शास्त्रज्ञ आणि विज्ञानाबाहेरची एक व्यक्ती. म्हणजे पाचांसमोर तीन. म्हणून हे तिघे कोण, यावर सगळं येऊन ठेपतं.

बाहेरचा शास्त्रज्ञ प्रयोग करणाऱ्याच्या गाइडचा जुना मित्र निघालेला मी पाहिलाय. विज्ञानाबाहेरच्या सदस्याला बैठकीच्या सकाळी फाइल मिळालेली पाहिलीय. नेमणूक कागदावर बरोबरच असते! म्हणून मला वाटतं, संस्थेशी लागेबांधे नाहीत हे नेमणुकीआधी तपासलं पाहिजे, फाइल आठवडाभर आधी हातात पडली पाहिजे, आणि न कळवता ॲनिमल हाउसमध्ये जायची मुभा हवी. एखाद्याचा विरोध असेल तर तो इतिवृत्तात त्याच्याच शब्दांत लिहिला जावा. मानधन संस्थेच्या हातून मिळू नये, हेही मी आग्रहाने म्हणतो. ज्याच्या हातून पाकीट घ्यायचं, त्याला नाही म्हणताना जीभ अडखळते.

मी प्रयोगांच्या विरोधात नाही. सर्पदंशावरचं प्रतिविष घोड्याच्या रक्तातून बनतं आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेचं ते काम आपल्या शेतकऱ्यांचे प्राण वाचवत आलंय. त्या घोड्यांचं आपण देणं लागतो, म्हणून तर हा आग्रह. पर्याय असेल तिथे प्राणी घेऊच नये. 2023 पासून औषधांच्या नियमांत पेशींवरच्या चाचण्यांनाही जागा मिळालीय. बाहेरच्या शास्त्रज्ञाला एवढं ठाऊक हवं, नाहीतर "हे प्राण्याशिवाय होईल का?" हा प्रश्न विचारणार कोण?

त्या संस्थेत शस्त्रक्रियेचा वार सोमवार झाला. बाईंच्या एका प्रश्नाने.

आता पुढचा फॉर्म भराल तेव्हा वेदनाशामकापुढे नुसता डोस लिहू नका. देणाऱ्याचं नाव आणि वार लिहा. मी असेन त्या बैठकीत ते पान आधी उघडतो.