‘फुल रेंज’ नावाची अफवा

विषय ठरलाय तो ‘नेटवर्क गेल्यावर शेतातल्या स्वयंचलित यंत्राने काय करावं’ हा. तिकडे येतोच. पण आधी एक जुना हिशेब चुकता करू द्या. बांधावर उभं राहायचं, खिशातला मोबाइल वर धरायचा, चार दांड्या बघायच्या आणि जाहीर करायचं, “फुल रेंज आहे, चालतंय की!” हा प्रकार आता थांबला पाहिजे.

किती सिग्नलला किती दांड्या, हे फोन बनवणारा ठरवतो. कमी दांड्या दाखवून फोन विकायची हौस कुणाला असणार? शिवाय त्या दांड्या सांगतात ते एवढंच, की टॉवर तुम्हाला किती ऐकू येतोय. टॉवर दहा-वीस वॉटने, कधी चाळीसने बोलतो. यंत्रातल्या मोडेमला, म्हणजे नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाला, मुभा 23 डीबीएमची, म्हणजे 200 मिलिवॉट. माणसाला फोनवर बहुतेक वेळ ऐकायचंच असतं. रील काय, भजन काय, वरून खालीच येतं. आपल्या कोळपणीच्या यंत्राचं उलटं. त्याला कॅमेऱ्याचं चित्र खालून वर पाठवायचंय. त्यातून 2300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर पाठवणं आणि घेणं एकाच वाहिनीवर आळीपाळीने चालतं आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या मांडणीत दहा उपफ्रेमांपैकी (वेळेच्या तुकड्यांपैकी) पाठवायला मिळतात फक्त दोन. म्हणजे स्पीडटेस्टमध्ये डाउनलोडचा आकडा दणदणीत आणि चित्र मात्र अडकलेलं.

आणि उंची! फोन छातीशी, यंत्राचा अँटेना गुडघ्याशी, वर उभा ऊस. पानांतलं पाणी सिग्नल शोषतं. जानेवारीत घेतलेलं माप ऑगस्टमध्ये उपयोगाचं नाही. अँटेना पिकाच्या वर काढा म्हटलं, की काठी उभी राहते आणि तीन मीटर बारीक आरजी-174 केबल लागते. ती या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे एक डेसिबलहून जास्त खाते. तीन मीटरांत निम्म्याहून जास्त ताकद केबलमध्येच जिरली. काठी लावली ती कशासाठी? मोडेमच काठीवरच्या डबीत बसवा आणि खाली यूएसबी किंवा इथरनेट आणा. अँटेना दोन लागतात, दोन्ही जोडा. दुसरं टोक मोकळं सोडलेले बॉक्स सर्रास दिसतात.

मोजायचं तर यंत्राच्याच मोडेमने मोजा. क्वेक्टेल कंपनीचा असेल तर त्याला आज्ञा द्या: एटी प्लस क्यूईएनजी बरोबर, अवतरणात सर्व्हिंगसेल. उत्तरात आरएसआरपी (सिग्नलची ताकद) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) बघा. आरएसआरपी उणे 95 च्या आत असेल तर निवांत. उणे 110 च्या खाली गेलं तर चित्राची आशा सोडा. आणि हे एका जागी उभं राहून नाही, सगळ्या सऱ्या फिरून, जीपीएससकट नोंदवा. 850 किंवा 900 मेगाहर्ट्झचा पट्टा मिळत असेल तर मोडेम त्यावर बांधून बघा. वेग कमी मिळेल, पण टिकेल.

आता सिम. दुकानातलं दिवसाला दीड जीबीचं सिम रोबोटमध्ये टाकलेलं असतं. हिशेब करा. 2 मेगाबिटचं चित्र म्हणजे सेकंदाला पाव मेगाबाइट. दीड जीबी संपायला 100 मिनिटं. सकाळी आठला सुरू केलेलं यंत्र दहाच्या आत कोटा संपवून बसतं, पुढे 64 किलोबिट. (रात्री बाराला कोटा परत येतो, तेव्हा मजूर, मालक आणि सूर्य तिघंही घरी गेलेले असतात.) गंमत पुढेच आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कोर्स जाळ्यावरून (कायम बसवलेल्या जीपीएस केंद्रांच्या) आरटीकेचं, म्हणजे जीपीएसची चूक सेंटीमीटरांवर आणणारं करेक्शन येतं, ते सेकंदाला किलोबाइटभर. 64 किलोबिटमध्ये ते आरामात मावेल. पण त्याच नळीत चित्र कोंबलेलं असतं, म्हणून करेक्शन रांगेत तुंबतं, शिळं होतं. मग रिसीव्हर पक्क्या ‘फिक्स’वरून अंदाजी ‘फ्लोट’वर उतरतो, दोन सेंटीमीटरची अचूकता हातभर होते आणि कोळप्याचं पातं पिकावर चढतं. दोष मात्र जीपीएसला. उपाय साधा आहे. चित्र 640 बाय 480, सेकंदाला पाच-दहा फ्रेम, 400 किलोबिटला बांधा आणि राउटरमध्ये करेक्शनला पहिला नंबर द्या.

वेळ संपत आली अशी चिठ्ठी आलीय. मग उरलेलं भराभर.

साध्या सिमला स्वतःचा सार्वजनिक आयपीव्ही4 पत्ता नसतो. बाहेरून यंत्राला हाक मारता येत नाही, यंत्रानेच तुमच्या सर्व्हरला हाक मारायची. त्यासाठी वायरगार्ड (एक व्हीपीएन) लावा, कीपअलाइव्ह (लाइन जागी ठेवणारी हाक) दर 25 सेकंदांनी, एमटीयू (एका पाकिटाची कमाल लांबी) 1280 बाइट. लॉगिन होतं पण लांबलचक यादी मागितली की पडदा गोठतो, तिथे शंभरातल्या नव्वद वेळा एमटीयूच असतो. दोन कंपन्यांची दोन सिमं घेतली म्हणून निर्धास्त राहू नका. पुष्कळदा दोघींचा टॉवर एकच, बॅटरीही एकच आणि भारनियमनही एकच. मोडेमला क्षणभर दोन अँपिअर लागू शकतात, त्याचा सप्लाय मोटरच्या सप्लायवरून काढू नका.

आता मूळ विषय. ‘नेटवर्क गेलं’ ही एक घटना नाही, तीन आहेत. दूरवरून कुणी यंत्र हाकत असेल तर अर्धा सेकंद आज्ञा आली नाही की यंत्र थांबलं पाहिजे, आणि हा अर्धा सेकंद मोजणारं घड्याळ यंत्रावरच चाललं पाहिजे, सर्व्हरवर नाही. करेक्शन गेलं तर अचूकतेचा अंदाज बघा. मर्यादा ओलांडली की पातं वर, मग चाकं बंद, याच क्रमाने. नुसती माहिती पाठवणं बंद पडलं तर काम चालू द्या, नोंदी डिस्कवर साठवा, लाइन आली की पाठवा. लाइन गेली की मोडेम रीस्टार्ट करणारा वॉचडॉग (राखणदार प्रोग्राम) ठेवा, पण तासाला तीनदाच. नाहीतर टॉवर बंद असताना तो रात्रभर मोडेमचं बटण दाबत बसतो.

इमर्जन्सी स्टॉप मोबाइल नेटवर्कवर कधीच नको. यंत्रावर तारेने जोडलेलं लाल बटण आणि हातात 865 ते 868 मेगाहर्ट्झचा वेगळा रिमोट, ज्याचा सिग्नल थांबला की यंत्र थांबतं. शेतात नेण्याआधी मोकळ्या जागेत यंत्र चालू असताना मोडेमला एटी प्लस सीएफयूएन बरोबर 4 ही आज्ञा द्या. त्याने रेडिओ बंद होतो. पातं वर गेलं नाही तर त्या दिवशी यंत्र ट्रॉलीवरून उतरवू नका.